सफोकची चर्चं: सांधे बघत चार दिवस

आर्किटेक्चरला असताना मेजर्ड ड्रॉइंगसाठी आमच्या ग्रुपला कुलाब्याचं अफगाण चर्च मिळालं होतं. पंधरा दिवस टेप, ओळंबा आणि उधार आणलेली शिडी घेऊन आम्ही तिथे पडीक असायचो, बाहेर एकशेतीनची बस वळायची आणि आत आम्ही खांबांचे घेर मोजायचो. १८५८ सालचं ते चर्च, हेन्री कॉनीबेअरचं डिझाइन, आणि सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ही सगळी भाषा इंग्लंडमधल्या मध्ययुगीन चर्चांची आहे, तिथे गावोगावी असली चर्चं आहेत. ते डोक्यात बसलं ते बसलंच. तीस वर्षं झाली. धाकटा भाऊ पूर्व इंग्लंडमध्ये, सफोक जिल्ह्यातल्या इप्सविचला राहतो, या मे महिन्यात योग आला आणि मी त्याला आधीच सांगून टाकलं की लंडन वगैरे नंतर बघू, मला चार दिवस सफोकमधली गावं दाखव.

दिवस पहिला, गुरुवार: लॅव्हनम

भावाला सुट्टी शनिवारपासून होती, म्हणून त्याने ऑफिसच्या आधी मला लॅव्हनमला आणून सोडलं. "ताई, दुपारी काहीतरी खाऊन घे गं, तू बघत बसलीस की तुला भान राहत नाही" एवढं बजावून गेला.

गावाच्या एका टोकाला टेकाडावर चर्च, आणि टॉवर १४१ फूट. गाव एवढंसं आणि टॉवर एवढा, हे गणित पहिल्यांदा जुळतच नाही. मग गावातून फिरलं की जुळतं. हे लोकरीचं गाव. इथे निळ्या रंगाचं जाड लोकरी कापड विणायचे आणि ते पार परदेशात जायचं, १५२४ च्या करपट्टीत हे गाव इंग्लंडमधल्या पहिल्या वीस श्रीमंत गावांत होतं. नंतर धंदा बसला, लोकांकडे घरं पाडून नवी बांधायला पैसाच राहिला नाही, त्यामुळे पंधराव्या-सोळाव्या शतकातली लाकडी सांगाड्याची वाकडीतिकडी घरं अजून तशीच उभी आहेत.

चर्चच्या भिंतीजवळ गेले आणि आधी दगडाला हात लावला. सफोकमध्ये बांधकामाचा म्हणावा असा दगडच नाही. खाली खडू, आणि खडूत सापडणारे फ्लिंटचे गोळे, म्हणजे आपला चकमकीचा दगड. बटाट्यासारखा वेडावाकडा, वरून पांढरी साल, आणि हातोड्याने फोडला की आत काळाभोर, काचेसारखा तुकतुकीत. आपल्याकडे बेसॉल्ट घडवता येतो, पाथरवट छिन्नीने त्याला हवी ती कड देतो. फ्लिंटला तशी कड देणं फार अवघड, तो बरेचदा फुटेल तसा फुटतो. म्हणून भिंतीचं पोट सगळं चुन्यात बसवलेलं फ्लिंटचं डबर, आणि जिथे कड लागते तिथेच, म्हणजे कोपरे, खिडक्यांच्या चौकटी, कमानी, तिथे दुसऱ्या जिल्ह्यातून आणलेला घडीव चुनखडक. महागाचा माल नेमका कुठे वापरलाय ते भिंतीकडे बघूनच कळतं. साइटवर काम केलेल्या माणसाला हे बघून जे वाटतं ते वेगळंच.

आत गेल्यावर मी मधोमध उभी राहिले आणि पूर्वेकडे बघितलं. आपल्या देवळाशी ताडून सांगते, नेव्ह म्हणजे लोकांनी बसायचा सभामंडप, चॅन्सेल म्हणजे पुजाऱ्याचा भाग, गाभाऱ्याच्या जागी. आणि इथला मंडप प्रचंड उंच, बाजूला आइल म्हणजे खांबांपलीकडच्या ओवऱ्या, वर झरोक्यांची रांग, आणि चॅन्सेल मात्र बुटका. एकाच इमारतीत दोन वेगळी मापं! कारण ते दोन वेगळ्या काळातले आहेत आणि दोन वेगळ्या खिशांतले. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये चॅन्सेलची डागडुजी रेक्टरने, म्हणजे चर्चच्या मुख्य पुजाऱ्याने करायची आणि नेव्हची गावकऱ्यांनी, असा दंडकच होता. चॅन्सेल साधारण १३४० च्या सुमाराचा, तो तसाच राहिला. आणि गावाकडे लोकरीचा पैसा आला तेव्हा गावाने आपला भाग पाडला आणि १४८५ ते १५२५ या चाळीसेक वर्षांत नवा, भलामोठा बांधला. तो जोड, तो सांधा, कोणी लपवलेला नाही. जुन्या काळात खिडकीची दगडी जाळी पानाच्या शिरांसारखी वळायची आणि नव्या काळात सरळ उभ्या रेघा, पर्पेंडिक्युलर म्हणतात त्या शैलीला, खिडकी म्हणजे जवळजवळ भिंतच काचेची करून टाकायची. दोन्ही एकमेकांशेजारी.

तेव्हा मला अफगाण चर्च आठवलं. तिथे आम्ही एक खण, म्हणजे दोन खांबांमधला भाग, मोजला की बाकीचे खण त्यावरून काढता यायचे, कारण ते एका डोक्यातून आलेलं आहे. इथे तसं करायला गेलं तर ड्रॉइंग चुकेल. मग मी ठरवलं की या चार दिवसांत सांधेच बघायचे.

पैसा कोणाचा ते तर भिंतीवरच कोरलंय. दोन मोठे देणगीदार, एक जॉन द व्हेअर, ऑक्सफर्डचा तेरावा अर्ल, जो १४८५ ला बॉसवर्थच्या लढाईत सातव्या हेन्रीच्या बाजूने लढला, आणि दुसरा थॉमस स्प्रिंग, कापडाचा व्यापारी. अर्लची खूण तारा आणि रानडुक्कर, व्यापाऱ्याची खूण त्याचा मालावर मारायचा शिक्का. टॉवरच्या पायथ्याशी हे तारे आणि शिक्के जवळजवळ आहेत. १५२३ ला स्प्रिंग वारला तेव्हा टॉवर पूर्ण करायला २०० पौंड ठेवून गेला. सरदार आणि कापडवाला एकाच भिंतीवर, आणि टॉवर वर चढत जातो तसतसा कापडवालाच जास्त दिसतो, अगदी माथ्यावर त्याच्या घराण्याची ढालच ढाल आहे.

संध्याकाळी घंटांची प्रॅक्टिस होती. इथे आठ घंटा आहेत आणि त्यातली सगळ्यात जड, टेनर, १६२५ साली कोल्चेस्टरच्या माइल्स ग्रे याने ओतलेली, जाणकार तिला देशातली सगळ्यात गोड आवाजाची घंटा मानतात. आपल्यासारखी टोल दिल्यागत वाजवत नाहीत, अख्खी घंटा चाकावर पूर्ण गोल फिरवतात, आणि आठ जण आठ दोर धरून क्रम बदलत बदलत वाजवतात, सूर म्हणून नाही तर क्रम म्हणून. आठ घंटांचे ४०३२० क्रम होतात. मी भिंतीला पाठ टेकून बसले होते. टेनर वाजली की तो आवाज कानात येतो तसा पाठीतही येतो.

दिवस दुसरा, शुक्रवार: लाँग मेलफर्ड

बसच्या थांब्यावर पाऊण तास उभी होते, बस आलीच नाही. बी अँड बीच्या मावशींनी सांगितलं की जुन्या रेल्वेमार्गाच्या वाटेने चालत जा, चार-पाच मैल आहे, सुंदर आहे. आणि खरंच, दोन्ही बाजूंना पांढऱ्या फुलांची झुडपं, मधेच शेतं, मी एकटी. अकराच्या सुमारास पोचले.

होली ट्रिनिटी, लाँग मेलफर्ड. साधारण १४६७ ते १४९७ मधलं. मला या चारही दिवसांत सगळ्यात जास्त जे आवडलं ते इथे बाहेरच आहे, आत जायच्या आधी. छताच्या कठड्याखाली, सगळ्या इमारतीभोवती, अक्षरं. हातभर उंचीची. चुनखडकात अक्षराचा आकार कोरायचा आणि बाजूच्या खळग्यांत काळा फ्लिंट असा नेमका फोडून बसवायचा की दगड आणि फ्लिंट एका पातळीत यावेत. याला फ्लशवर्क म्हणतात. मी डोळे बारीक करून एका ठिकाणी जवळून बघितलं, सांध्यात पोस्टकार्ड जाणार नाही! सहजी कड न धरणारा दगड, आणि त्याची इतकी बारीक भरणी. कोणीतरी एकेक तुकडा फोडून, लावून बघून, नाही बसला की टाकून दुसरा फोडून हे केलंय.

आणि लिहिलंय काय, तर नावं. अमक्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा, ज्याच्या पैशातून ही कमान झाली. रॉजर मोरिएल या माणसाचं नाव असंच एका कमानीपाशी आहे. एक कमान! अख्खं चर्च नाही, एक खण. कोणी एक खण दिला, कोणी छत दिलं. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर किंवा फरशीवर देणगीदाराचं नाव असतं तसंच, फक्त इथे ते वर आकाशाला टेकलेलं. पुढे सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये धर्म बदलला, कॅथलिकचं प्रोटेस्टंट झालं, मेलेल्यांसाठी प्रार्थना करणंच चुकीचं ठरलं, आतल्या कितीतरी गोष्टी फुटल्या, पण ही विनंती पाचशे वर्षं बाहेर वर तशीच आहे. मी सगळ्यांची नावं मोठ्याने वाचत एक पूर्ण प्रदक्षिणा केली. वाचायला सांगितलंय तर वाचावं, असं वाटलं.

मुख्य देणगीदार जॉन क्लॉप्टन. याची गोष्ट लॅव्हनमशी जोडलेली आहे. १४६२ साली ऑक्सफर्डचा बारावा अर्ल, म्हणजे कालच्या तेराव्याचा बाप, राजद्रोहात पकडला गेला, त्याच्याबरोबर पकडलेल्यांत हा क्लॉप्टन होता. बाकीच्यांची डोकी उडाली, हा एकटा सुटला. आणि घरी येऊन याने पुढची पस्तीस वर्षं या चर्चवर खर्च केली. त्याची कबर चॅन्सेल आणि त्याच्या खासगी चॅपेलच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराच्या, मधल्या भिंतीतच बसवलीय, वर कमान, कमानीच्या पोटात तो आणि बायको मुलं गुडघे टेकलेली. आणि त्या चॅपेलच्या छताखाली लाकडी पट्टीवर जॉन लिडगेट या बेरी सेंट एडमंड्सच्या मठातल्या भिक्षू कवीच्या ओळी रंगवलेल्या आहेत, भिंतीच्या कडेकडेने, वाचत वाचत मान वर करून गोल फिरावं लागतं.

इथे लॅव्हनमसारखा सांधा दिसत नाही, नेव्ह आणि चॅन्सेलच्या मधे कमानच नाही, झरोक्यांची एक सलग रांग इकडून तिकडे. मुख्यतः एका माणसाचा पैसा आणि एका पिढीचं काम असलं की असं होतं. सांधे आहेत ते दोन टोकांना. पूर्वेला लेडी चॅपेल, म्हणजे मदर मेरीचं, १४९६ सालचं, वेगळंच घर असल्यासारखं, तीन त्रिकोणी छतं. धर्म बदलल्यावर ते रिकामं पडलं आणि तिथे गावची शाळा भरायला लागली, आणि भिंतीवर पाढ्यांचा तक्ता अजून आहे. मदर मेरीच्या चॅपेलमध्ये बारा बारे एकशे चव्वेचाळीस. मी बराच वेळ त्या भिंतीसमोर होते.

आणि पश्चिमेला टॉवर, जो बघून मी फसले. अगदी जुन्यासारखा. पण मूळचा टॉवर अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वीज पडून गेला, त्या जागी विटांचा बांधला, आणि १९०० च्या आगेमागे जी. एफ. बॉडली या आर्किटेक्टने त्या विटांवर बाहेरून दगड आणि फ्लिंटचं आवरण चढवलं. चांगलं काम आहे, प्रमाण तर उत्तमच. तरी मला ती वीट बघायची होती. माझ्या मते त्याने ती उघडी ठेवायला हवी होती, तीही गावानेच भाजून घेतली असणार ना.

संध्याकाळी भाऊ न्यायला आला तेव्हा मी त्याला पण अक्षरं दाखवली. म्हणाला, "मी सहा वर्षं या रस्त्याने जातोय ताई, मान वर केली नाही."

दिवस तिसरा, शनिवार: थॉर्नम पार्व्हा

सकाळी जे चर्च ठरवलं होतं ते बंद निघालं, दारावर किल्ली कोणाकडे ती चिठ्ठीही नव्हती. मग भावाने गाडी थेट थॉर्नम पार्व्हाला घेतली आणि दिवस सार्थकी लागला.

हे एवढुसं चर्च. शेतांच्या मधे, नॉर्मन म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकातल्या धाटणीचं दार, आणि छप्पर गवताचं. टॉवरच्या डोक्यावर पण गवताची टोपी. आमच्या आजोळी कोकणात पावसाआधी शाकारणी व्हायची तेव्हा मामा कुडाच्या कडेला गवताची पेंढी कशी दाबून बांधायचा ते आठवलं, इथेही कड तशीच जाड आणि कापून सारखी केलेली.

आत आल्टरवर, म्हणजे वेदीवर, एक लांबट लाकडी चित्रपट्टी आहे, बारा-साडेबारा फूट असेल, ओकच्या फळ्यांवर मधे क्रूसावरचा ख्रिस्त आणि दोन्ही बाजूंना मिळून आठ संत, साधारण १३३० च्या दशकातली. एवढी जुनी आणि एवढी शाबूत अशी वस्तू इंग्लंडमध्ये फार थोडी उरलीय. सापडली १९२७ साली, इथल्याच हवेलीच्या तबेल्याच्या माळ्यावर. संतांच्या मागची सोनेरी जमीन सपाट नाही, तिच्यात उठावाची बारीक नक्षी आहे, आणि दारातून उजेड तिरका आला तेव्हाच ती दिसली. मग ढग आले आणि गेली. आम्ही दोघं ढग सरकायची वाट बघत बसलो, डबा तिथेच बाहेर बाकावर खाल्ला, वहिनीने केलेल्या मेथीच्या पुऱ्या आणि लोणचं.

दिवस चौथा, रविवार: ब्रॅमफील्ड, वेनहॅस्टन, ब्लायबरा

ब्रॅमफील्ड जरा घाईत झालं. टॉवर गोल, आणि चर्चपासून वेगळा, चार पावलं बाजूला उभा. गोल टॉवर ही या भागाची खासियत, सफोकमध्ये ४० च्या आसपास आहेत. गोल का, याचं एक कारण असं देतात की चौकोनी टॉवरला चार कोपरे, कोपऱ्याला घडीव दगड, आणि तो नाही. गोल भिंतीला कोपराच नाही, नुसतं फ्लिंटचं डबर चालतं. पहिल्या दिवशी दगडाला हात लावला होता त्यामुळे हे लगेच पटलं. आत जमिनीत ब्रिजेट ॲपलथ्वेट नावाच्या बाईचा १७३७ चा काळा दगड आहे, त्यावर लिहिलंय की संसाराचे कष्ट तिने अपार सहनशीलतेने पावणेपाच वर्षांत तीन आठवडे कमी इतका काळ सोसले, मग चारेक वर्षं वैधव्याचं स्वातंत्र्य उपभोगलं, आणि दुसऱ्या लग्नाचं धाडस करणार तोच मृत्यूने मना केलं. आठवड्यांचा हिशोब दगडावर! ज्याने कोणी हे लिहून घेतलं त्याने तिला नीट ओळखलं होतं.

वेनहॅस्टनला मात्र मी हादरले. आधी थोडं सांगायला हवं. नेव्ह आणि चॅन्सेलच्या मधे लाकडी पडदी असायची, तिच्या वर क्रूसावरचा ख्रिस्त, एका बाजूला मेरी आणि दुसऱ्या बाजूला शिष्य जॉन, अशा मूर्ती, आणि त्यांच्या मागे कमानीवर शेवटच्या न्यायाचं चित्र, डूम. धर्म बदलल्यावर या मूर्ती सगळीकडे काढून टाकल्या, चित्रांवर चुना फासला. वेनहॅस्टनला १८९२ साली दुरुस्ती करताना कमानीवरच्या चुना फासलेल्या फळ्या कोणाला कामाच्या वाटल्या नाहीत, काढून चर्चच्या आवारात टाकल्या. रात्री पाऊस पडला. सकाळी बघतात तर चुना वाहून गेलेला आणि फळ्यांवरून माणसं वर बघतायत.

आता त्या फळ्या जोडून उत्तरेच्या भिंतीवर लावल्यात. संत पीटर मुकुट घातलेल्या पण अंगावर काही नसलेल्या राजाला, बिशपला स्वर्गात घेतोय, देवदूत मायकेल तराजूत आत्मे तोलतोय, समोर सैतान, उजवीकडे एका अजस्र माशाच्या जबड्यात साखळीने बांधलेली माणसं. रंग अजून ताजे. पण माझी नजर तिथे थांबली नाही, ती मधे गेली. मधे तीन रिकाम्या जागा आहेत, लाकडाच्या रंगाच्या, एक क्रूसाच्या आकाराची आणि दोन बाजूला उभ्या माणसांच्या आकाराच्या. चित्रकाराने मूर्ती बसवल्या त्यांच्या भोवतीने रंगवलं, मग मूर्ती गेल्या, आणि त्यांच्या जागेवर त्यांचा आकार राहिला. मेरीच्या खांद्याची उतरती रेघ स्पष्ट कळते. तीस वर्षं मी भिंती मोजत आलेय, भरीव काय आणि पोकळ काय हेच काढत आलेय, आणि पोकळीकडे बघून डोळ्यांत पाणी यायची ही पहिलीच वेळ.

भाऊ काही बोलला नाही, नुसता शेजारी उभा राहिला.

ब्लायबराला पोचलो तेव्हा चार वाजले होते. खाडीच्या काठी, दलदलीच्या वर, मैलभरावरून दिसतं. आत पाऊल टाकलं आणि उजेड. रंगीत काच जवळजवळ उरलेलीच नाही, त्यामुळे सगळीकडून पांढरा उजेड, जमिनीला जुन्या विटा आणि लाद्या, भिंती चुन्याच्या. आणि वर जवळपास सपाट लाकडी छत, तुळयांच्या मधोमध पाठीला पाठ लावून पंख पसरलेले देवदूत, मूळच्या रंगाचे लाल हिरवे ठिपके अजून अंगावर.

या चर्चवर किती काय गुदरलंय. ४ ऑगस्ट १५७७ ला प्रार्थना चालू असताना वादळ झालं, टॉवरचं लाकडी शिखर कोसळून आत आलं, एक माणूस आणि एक मुलगा गेले. लोक सांगतात की काळा कुत्रा आत धावला आणि जाताना दारावर नख्या मारून गेला, उत्तरेच्या दारावर करपलेले डाग आहेत, मी त्यावर बोट फिरवलं, बोटाएवढेच खोल खळगे. मग एप्रिल १६४४ मध्ये विल्यम डाउझिंग आला, संसदेच्या हुकमाने चर्चांतल्या मूर्ती चित्रं फोडत फिरणारा, रोजनिशी लिहिणारा, आणि त्याने लिहिलंय की २० देवदूत खाली काढायला सांगितले. देवदूतांच्या अंगात शिशाचे छर्रे सापडले तेव्हा सगळ्यांनी ते त्याच्याच माणसांच्या नावावर टाकले होते. पण पुढे चर्चच्या जमाखर्चात अठराव्या शतकातली नोंद मिळाली, छतात घरटी करणाऱ्या कावळ्यांच्या जातीच्या पक्ष्यांना मारायला दारू आणि छर्रे यांचा खर्च. म्हणजे गोळ्या गावकऱ्यांच्याच, पक्ष्यांवर झाडलेल्या. आणि डाउझिंगने सांगूनही देवदूत वरच राहिले, बहुतेक एवढ्या उंच चढायला कोणी तयार झालं नाही.

बाकांच्या टोकांना लाकडात कोरलेली सात पापं आहेत. खादाड माणूस दोन्ही हातांनी पोट धरून बसलाय, आळशी अंथरुणात, कंजूष पैशाच्या पेटीवर. मी खादाडाजवळ बसले. त्याचं पोट इतकं गुळगुळीत आणि काळं झालंय, बाकावरून उठताना टेकायला हात नेमका तिथेच जातो. मीही उठताना तिथेच हात ठेवला.

सहाच्या सुमारास दार लावायला एक वयस्कर बाई आल्या, आम्हाला टेप धरलेलं बघून म्हणाल्या, सावकाश करा, मला अजून फुलं बदलायची आहेत. भावाने एका खांबाशी टेपचं टोक धरलं, मी दुसऱ्या खांबाकडे गेले. पहिला खण मोजला, मग दुसरा. दोन इंचांचा फरक आला. पुन्हा मोजलं, तेवढाच आला. "तिसरा पण घेऊ?" त्याने विचारलं, आणि टोक सोडून पुढच्या खांबाकडे चालायलाही लागला.